मोटार मार्चअखेर बघून जळत नाही

मा. पालकमंत्री महोदय,
मराठवाड्यातील आठही जिल्हे

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाची बोअर फेब्रुवारी-मार्चमध्ये दगा देते. पाणी खाली गेलेलं, व्होल्टेज पुरेसं नाही. मोटार कोरडी चालते आणि जळते. ती वर काढून वाइंडिंग भरून पुन्हा सोडायला दोन-तीन दिवस लागतात. पैशाला मात्र महिने. संस्थेच्या खात्यात निधी असतो, पण तो आहार, वह्या, मानधन अशा शीर्षांत अडकलेला. शीर्ष बदलायला लेखी मंजुरी हवी, तोवर टँकर उधारीवर. वर तीन कोटेशनं. तालुक्याला वाइंडिंगवाला एकच. उरलेली दोन कोटेशनं कुठून येतात हे ऑडिटरलाही ठाऊक असतं.

पूर्वी मोठ्या संस्था परदेशी देणगीतला थोडा वाटा लहान संस्थांना देत. २०२० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्यातल्या, दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतली, ५ टक्क्यांची मर्यादा खरं तर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. पण ती संस्थेच्या हिशेबनिसाच्या पगारालाही लावली जाते. मग हिशेबाला माणूस नाही, आणि हिशेब अपुरे म्हणून पुढचा निधी नाही.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण. समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेतून प्रत्येक जिल्ह्यात लहान संस्थांसाठी २५ हजार ते १ लाखाचं अनुदान सुरू करा. अर्ज दोन पानी, मराठीत, निर्णय पंधरा दिवसांत, पैसे आगाऊ. खर्च करा मग प्रतिपूर्ती देऊ, ही पद्धत इथे चालणार नाही. पदरचे पैसे असते तर अर्ज कशाला आला असता? २५ हजारांपर्यंत एकच कोटेशन, पक्की पावती आणि कामाचा फोटो पुरे. उपयोगिता प्रमाणपत्र तीन महिन्यांत, शिल्लक परत.

सगळी रक्कम एप्रिल-मेमध्ये वाटू नका. आपल्याकडे सप्टेंबरात ढगफुटीसारखा पाऊस होतो, मांजरा-तेरणाकाठी शाळेत नि कार्यालयात पाणी शिरतं, दप्तर भिजतं. निम्मी तरी तेव्हासाठी ठेवा. काही भाग टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायला, जुने हिशेब लावायला द्या. न्यासाचं ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत व्हावं लागतं, म्हणून हे काम जूनमध्येच सुरू व्हायला हवं.

आता खरी मेख. एखादे विश्वस्त वारले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात विश्वस्तबदलाचा फेरफार अर्ज द्यावा लागतो. संस्था देतात, तो वर्षानुवर्षं पडून राहतो. शेड्यूल एकच्या, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर मयताचं नाव तसंच. बँक सही बदलत नाही, निधी देणारा 'विश्वस्तांची यादी अद्ययावत नाही' म्हणून अर्ज बाजूला टाकतो. पात्रतेच्या अटी लिहिताना अद्ययावत उतारा मागाल, तर ज्यांच्यासाठी योजना आहे त्याच संस्था पहिल्या छाननीत गळतील. दाखल फेरफार अर्जाची पोच, चालू ठराव आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट ग्राह्य धरा, आणि प्रलंबित फेरफारासाठी वकिलाची फी याच अनुदानातून द्यायची मुभा ठेवा.

आपले,
मराठवाड्यातील स्वयंसेवी संस्थांचे जमाखर्च पाहणारे कार्यकर्ते