मानतलाईचा खोडलेला दिवस

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिमाचलातल्या पिन पार्वती खिंडीच्या ट्रेकचा तक्ता वाचला. बाबांनी फक्त सामानाची यादी पाहिली आणि "टॉर्चला जादा सेल घे म्हणावं" एवढं बोलून ते मोकळे झाले. माझं मात्र एका ओळीवर अडलं. मानतलाईला, खिंडीच्या अलीकडच्या तळ्याकाठी, आधी दोन मुक्काम होते, नव्या तक्त्यात एकच उरलाय. शेजारी तू लिहिलंयस, 'एक सुट्टी वाचेल, आपण सगळे फिट आहोत.' फोनवर "हो आई, बघतो" म्हणून तू विषय संपवतोस, म्हणून पत्र.

फिट आहात, मान्य. यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्याला दमाबद्दल मी काय सांगणार! पण दम वेगळा आणि विरळ हवा लागणं वेगळं, हे आई म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगते. खिंड ५,३१९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायूही जवळपास निम्माच. शरीर याची सवय करून घेतं, पण आपल्या गतीने. श्वास लगेच वाढतो, त्यामुळे रक्तात होणारा बदल सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, आणि तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे. रोज दहा किलोमीटर धावलास म्हणून यातलं काही लवकर उरकत नाही. उलट धावणारी मुलं झपाझप वर पोहोचतात, आणि डोकं दुखत असलं तरी चारचौघांत बोलत नाहीत.

याची तालीम महाराष्ट्रात करायची सोयच नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि त्रास सुरू होतो साधारण २,५०० च्या पुढे. नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं. तुम्ही बरशैणी गावाकडून चढताय, ते उत्तम. खीरगंगा, टुंडा भुज, ठाकुर कुआँ, ओडी थाच अशी पार्वती नदीच्या काठाने उंची सावकाश वाढते. उलटीकडून, स्पितीतल्या मुध गावाहून निघणारे पहिल्याच रात्री साडेतीन हजारांच्या वर झोपतात. मानतलाई ४,१०० च्या आसपास, आणि तिथून खिंडीच्या पायथ्याचा तळ बराच वर. थांबायचा दिवस हवा तो नेमका इथे, आणि तुम्ही खोडलाय तोही नेमका हाच.

दुसरंही कारण आहे. खीरगंगा सोडली की थेट मुधपर्यंत गाव नाही आणि फोनही लागत नाही. मानतलाईहून मागे फिरलं तर प्रत्येक पाऊल उताराचं. त्याच्या वर कोणी आजारी पडला, तर त्याला कोणाच्या तरी पाठीवरून आणावं लागेल. म्हणून त्या दिवशी नुसतं तंबूत लोळू नका. थोडं वर चढून परत खाली झोपायला या, आणि कोण पुढे जाणार हे ठरवा. डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटतंय, तर विरळ हवा लागली असंच धरायचं. 'उन्हानं असेल' म्हणायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तर फुप्फुसांत पाणी होतंय. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, असेल त्या वेळी खाली निघायचं. ऑक्सिमीटर न्या, पण गार पडलेल्या बोटावर तो वाटेल तो आकडा दाखवतो. आणि 'परत' म्हणायचा अधिकार कोणाचा, हे पुण्यातच ठरवा. माझं मत, तो तिथल्या गाईडला द्या. तुम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र, एकमेकांच्या भिडेनं गप्प बसाल.

विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं विचारलं होतंस. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, म्हणून आधी घरी घेऊन बघ. बाकी तिघांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावं, विशेषतः ज्याला सल्फाची ॲलर्जी आहे त्यानं. गोळी घेतली म्हणून दिवस वाचत नाही, हेही त्यांना सांग.

आता पायांचं. दर रविवारी सिंहगड चढता आणि जीपने खाली येता, असं तुझ्याच तोंडून ऐकलं. अरे, गुडघ्यांना आणि मांड्यांना खरी सवय लागते ती उतरताना! सॅकमध्ये दहा किलो तांदूळ घाल आणि चालत उतर. नवे बूट सिंहगडाच्याच पावसात भिजव, वाळव, पुन्हा घाल. फोड यायचे ते इथे येऊ देत.

कपड्यांत सुती बनियन एकही नको. खिंडीच्या अलीकडे हिरवंगार आणि ओलं, पलीकडे स्पितीत उघडे कोरडे डोंगर. महाबळेश्वरहून निघून माणदेशात उतरावं तसं, फक्त मध्ये हिमनदी. त्यावर भेगा असतात, दोरानेच चला. ओढे सकाळी ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, आणि पाण्यात उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. वाटेत पांडू पूल लागेल, नदीवर आडवा पडलेला प्रचंड दगड. आपल्याकडची सगळी लेणी पांडवांनी खोदली, तिकडचे पूलही त्यांनीच टाकले. वनवासात उसंत म्हणून मिळाली नसेल बिचाऱ्यांना.

वर पाणी कमी तापमानालाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि खजूर मी देते. कंदी पेढेही देईन, पण ते बरशैणीच्या पुढे जातील असं वाटत नाही.

तेव्हा ऑफिसात बोलून सुट्टी एका दिवसानं वाढवून घे आणि दुरुस्त तक्ता मला पाठव, गाईडच्या नंबरासकट. यंदा गणपतीला तू घरी नसशील, हे आजीला मी सांगितलेलं नाही. ते तूच फोन करून सांग. दिवेलागणीनंतर कर, तेव्हा ती जरा खुशीत असते.

तुझी,
आई