सेव्हन-फाइव्ह मी का सोडत नाही

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नवं विमान मिळत असताना आमची पोरगी भंगार कवटाळून बसलीय." आईनेही लगेच री ओढली. मी तेव्हा हसून सोडून दिलं, पण माझ्या बोइंग ७५७ च्या (आम्ही वैमानिक त्याला सेव्हन-फाइव्ह म्हणतो) वतीने मला राग आलाच. म्हणून हे सविस्तर.

आधी तुमच्या काळजीचं. विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत. वर जाताना आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त होत जातो, खाली येताना हा फरक उतरतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा दर खेपेला किंचित ताणतो आणि सैलावतो. अशा खेपा किती झाल्या, विमान किती तास उडलं, यावर तपासण्या ठरतात. मोठ्या तपासणीत आतलं सगळं उचकटून काढतात आणि सांध्यासांध्यात तडा शोधतात. ज्या वयात माणसं डॉक्टरला टाळायला लागतात (आई, हे तुझ्यासाठी), त्या वयात विमानाच्या तपासण्या वाढत जातात.

आता आवडीचं. बोइंग ७५७ पहिल्यांदा उडालं १९ फेब्रुवारी १९८२ रोजी. एकूण १,०५० बनली आणि २००४ मध्ये उत्पादन थांबलं. तरी डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकन कंपन्या अजून त्यातून प्रवासी नेतात, आणि आमच्यासारखे मालवाहू वैमानिक रात्रभर तीच उडवत असतात.

सगळं गुपित ताकदीत आहे. हे विमान तीन इंजिनांच्या जुन्या बोइंग ७२७ ची जागा घ्यायला काढलं होतं. आखूड धावपट्टी, उकाडा, उंचावरचा विमानतळ, हे सगळं त्याला झेपायला हवं होतं. म्हणून पंख ऐसपैस दिले, सुमारे १८५ चौरस मीटर. आजच्या एअरबस ए३२१ निओचे पंख १२५ च्याही आत येतात. इंजिनं दोनच, पण रोल्स-रॉइसचं आरबी२११ एकेक चाळीस हजार पौंडांचा रेटा देतं. दोन इंजिनांच्या कुठल्याही मोठ्या विमानाला, टेक-ऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद पडलं तरी, उरलेल्या एकावर चढता आलंच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे दोन्ही चालू असताना हाताशी भरपूर शिल्लक असते. या विमानात ती शिल्लक जरा जास्तच उदारपणे ठेवलेली आहे.

माल उतरवून रिकामं परत निघतो तेव्हा याची खरी गंमत कळते. पूर्ण ताकद वापरायची गरजच नसते, इंजिनांचं आयुष्य वाचावं म्हणून ती कमी करूनच टेक-ऑफ करतो. तरीही नाक उचललं की वीस अंशांपर्यंत जातं, समोरच्या काचेत नुसतं आकाश. जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलने चार हजार फुटांवर थांबायला सांगितलेलं असेल तर हा हा म्हणता चार हजार येतात. आमचे कॅप्टन धावपट्टीवर वळतानाच बजावतात, "आज रिकामं आहे गं, उधळेल." वीस-पंचवीस वर्षं उडवलेला माणूस, पण हे बोलताना त्यांचा चेहरा मुलासारखा खुलतो.

हाताला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. कॅप्टनने योक, म्हणजे विमान वळवायचं चाक, वळवला की माझ्यासमोरचाही वळतो; न विचारता कळतं ते काय करताहेत ते. इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रॉटलचे दांडे माझ्या तळव्याखाली आपोआप पुढेमागे सरकतात. एअरबसमध्ये योकऐवजी बाजूला छोट्या दांड्या असतात, त्या दोघांच्या साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, आणि ऑटोथ्रस्टवर (त्यांचं ऑटोथ्रॉटल) दांडे जागचे हलत नाहीत. ती पद्धत वाईट नाही, हजारो वैमानिक तिच्यावर खूश आहेत. मला मात्र तळव्याला कळलेलं आधी पटतं, डोळ्याला दिसलेलं नंतर.

शिवाय एकाच परवान्यावर बोइंगचं मोठं ७६७ ही उडवता येतं, कॉकपिट जवळजवळ सारखंच. फरक कळतो तो लँडिंगला. ७५७ ची चाकं खाली काढली की प्रत्येक पायाच्या चार चाकांतली मागची जोडी लोंबते आणि तीच आधी अलगद टेकते. ७६७ मध्ये पुढची जोडी खाली असते, त्यामुळे चांगलं उतरवलेलंही कधी कधी धप्पकन बसतं. कॅप्टन मंडळी ७५७ चं श्रेय स्वतःकडे घेतात आणि ७६७ चा दोष चाकांना देतात.

हे विमान गेलंय कुठे कुठे, तेही ऐका. बोलिव्हियात ला पाझचा विमानतळ चार हजार मीटरांवर आहे, तिथे हे जायचं. २०१५ मध्ये तर एक ७५७ अंटार्क्टिकावर, युनियन ग्लेशियरच्या निळ्या बर्फावर उतरलं.

दोष? आहेत ना. कॉकपिटमध्ये आवाज फार. संगणकाची स्मरणशक्ती तोकडी, दर २८ दिवसांनी येणारा नकाशांचा डेटाबेस त्यात छाटून बसवावा लागतो. याच्या मागून येणाऱ्या लहान विमानाला याच्या पंखांमागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा एवढा त्रास होतो की नव्वदच्या दशकातल्या अपघातांनंतर त्यांच्यातलं अंतर वाढवावं लागलं. आणि इंधन! इथे मी वकिली करणार नाही. नवं ए३२१ एक्सएलआर याच्याहून लांब जातं आणि पितं पुष्कळ कमी. कंपनीचा हिशेब बरोबरच आहे, तिच्या जागी मी असते तर मीही ही जुनी विमानं काढून टाकली असती.

पण मी कंपनी नाही. आमच्या ताफ्यातून सेव्हन-फाइव्ह निघून जाईपर्यंत मला इथेच ठेवा, असा अर्ज मी देऊन टाकलाय. नव्या विमानाचं ट्रेनिंग तेव्हा घ्यावंच लागेल, ते मी आनंदाने घेईन. बाबा, त्यावर चिडायचं असेल तर आता पत्राने चिडा, फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

आणि आईला सांगा, रात्री ते विमान शोधायचं ॲप लावून जागत बसू नकोस. समुद्रावर ठिपका दिसेनासा होतो तो सिग्नल पोचत नाही म्हणून. मी त्या वेळी बहुधा डबा खात असते.

तुमची,
मीनू