कॉर्टिसॉलची दुसरी बाजू

महोदय,
ताणावरच्या आरोग्यलेखांत कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला (हार्मोनला) सरसकट खलनायक ठरवलं जातं. पशुवैद्यक म्हणून वाचताना चिडचिड होते (तोही ताणच म्हणा!). प्राणी घाबरला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे निरोप्या संप्रेरक सोडतो, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल; उंदरांत आणि पक्ष्यांत मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन. पण हेच संप्रेरक रक्तातून उलट वर जाऊन मेंदूला आणि पिट्युटरीला ‘आता पुरे’ असं बजावतं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

कुत्र्यांत हे आम्हाला आकड्यांतच दिसतं. डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन द्यायचं, ४ आणि ८ तासांनी रक्त तपासायचं. निरोगी कुत्र्याचं कॉर्टिसॉल तळाला गेलेलं असतं, कारण पिट्युटरीने निरोप ऐकलेला असतो. कुशिंगच्या आजारात (यात शरीर कॉर्टिसॉल जास्त बनवत राहतं) ते ८ तासांनंतरही सहसा चढंच.

महिनोन्महिने स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, चालू असलेल्या कुत्र्याच्या गोळ्या मालक परस्पर बंद करतात, तेव्हा दबून बसलेली पिट्युटरी लगेच जागी होत नाही आणि स्वतःचं कॉर्टिसॉल कमी पडून प्राणी कोसळू शकतो. पुढच्या लेखात एवढं तरी छापा.

– एक पशुवैद्यक वाचक