ताळेबंदात न दिसणारा खर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शाश्वत विकासाचा एखादा ऐच्छिक विषय जोडला की जबाबदारी संपली, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. खरी अडचण मात्र वित्तव्यवस्थापनाच्या नेहमीच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या गणितातच दडलेली आहे. ५० वर्षांनंतर नदी स्वच्छ करण्यासाठी येणारा १०० एककांचा खर्च वार्षिक १० टक्के वटाव दराने, म्हणजे भविष्यातल्या रकमेची किंमत दरवर्षी त्या दराने कमी धरत, आजच्या मूल्यात आणला, तर तो १ एककाहूनही कमी भरतो, आणि विद्यार्थी तो आकडा निमूटपणे पुढच्या रकान्यात उतरवून मोकळा होतो. (गणित चुकलेले नसते, हीच तर गंमत.) हा दर कोणी व कशाच्या आधारे ठरवला, हा प्रश्न त्याच तासाला विचारला गेला पाहिजे. लेखाशास्त्राच्या वर्गातही कारखान्याच्या धुराड्यापाशी न थांबता कच्च्या मालापासून टाकून दिलेल्या वस्तूपर्यंतचे उत्सर्जन मोजायला शिकवावे. जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००७ मध्ये मांडली गेली, अनेक संस्थांनी ती स्वीकारलीही. पण प्रश्नपत्रिकेत उतरल्याखेरीज विद्यार्थी त्यांचा अभ्यास करणार नाहीत, हे कोणीही शिक्षक सांगेल.

– एक वाचक