रत्ती नेमकी किती मिलिग्रॅमची, हे एकदा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरीच असतो. काट्यासमोर जन्म गेला म्हणा ना. गुळाच्या तीस किलोच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, अर्धा किलो जरी कमी भरलं तरी सौदा थांबतो, शेतकरी हमाल अडते सगळे काट्याभोवती गोळा होतात, आणि ते बरोबरच आहे कारण माप म्हणजे माप. पण गेल्या वर्षी लेकीसाठी पुष्कराज घ्यायला गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेलो आणि तिथं जे बघितलं ते मापात बसणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, माझी पत्रिकेवर श्रद्धा आहे. खडे घालावेत की नाही यावर मला वाद घालायचा नाही, ज्याची त्याची श्रद्धा. मला बोलायचंय ते फक्त खड्याच्या वजनाबद्दल, आणि ते ज्यात सांगतात त्या रत्ती नावाच्या जुन्या मापाबद्दल.

लेकीचं लग्न लांबत होतं, गुरुजींनी पत्रिका बघितली, गुरु कमजोर आहे म्हणाले आणि चिठ्ठी दिली. "पुष्कराज, सव्वापाच, सोन्यात, तर्जनी, गुरुवारी सकाळी". बास एवढंच. सव्वापाच काय, रत्ती की कॅरेट की आणि काय ते लिहिलेलंच नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही, कारण सव्वा म्हटलं की शुभ, पावणे नको, एवढं आईपासून ऐकलेलं.

पहिल्या दुकानात सांगितलं की रत्ती म्हणजे ०.९१ कॅरेट, म्हणजे सव्वापाच रत्तीला ४.७८ कॅरेटचा खडा लागेल. दुसऱ्या दुकानात म्हणाले रत्ती आणि कॅरेट एकच हो काका, ५.२५ कॅरेटच घ्या. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर सोनार होते, त्यांनी ड्रॉवरमधनं गुंजा काढल्या, त्या लाल आणि टोकाला काळ्या बिया असतात ना त्या, हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "दादा, रत्ती म्हणजे ही गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा." आता जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याला ९६ नं भागा, एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम येते. कॅरेट २०० मिलिग्रॅमचा. म्हणजे त्यांच्या हिशोबानं सव्वापाच रत्ती म्हणजे फक्त ३.१९ कॅरेट!

एकच चिठ्ठी आणि तीन वजनं. भाव तिघांनीही कॅरेटला साधारण आठ हजार सांगितला होता, म्हणजे पहिल्या दुकानात अडतीस हजार, दुसऱ्यात बेचाळीस, तिसऱ्यात साडेपंचवीस. आमच्यासारख्या घरात सोळा-सतरा हजारांचा फरक म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आम्ही मधला धरला, ४.७८ वाला. अंगठी लेकीला घट्ट झाली म्हणून चार महिन्यांनी ओळखीच्या सोनाराकडं वाढवायला दिली, त्यानं खडा काढला तेव्हा मी सवयीनं म्हटलं टाक जरा काट्यावर. ०.८४० ग्रॅम भरला. म्हणजे ४.२० कॅरेट, म्हणजे त्याच दुकानाच्या रत्तीनं सव्वापाच नाही, पावणेपाचही नाही, ४.६. साडेचार हजारांवर रुपये जास्त गेले. बिल घेऊन गेलो तर बिलावर नुसतं "पुष्कराज ५.२५" आणि पुढं रक्कम. मालक शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं रत्ती १६० मिलिग्रॅमची धरतात." घेताना ०.९१ सांगितलं होतं हे बोलायला माझ्याकडं कागद नव्हता. मला पैशापेक्षा याचं जास्त वाईट वाटलं की मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची तूट पकडली, तो खडा सुटा असताना काट्यावर टाका म्हणून बोललोच नाही, देवाधर्माची वस्तू म्हणून जीभ रेटली नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागंच लागलो. गुरुजींना विचारलं सव्वापाच कुठून आलं, तर म्हणाले अंगाचं वजन भागिले दहा. लेक ५२ किलोची, म्हणून पाच पॉइंट दोन, त्याचं सव्वापाच. दुसरे एक ज्योतिषी बारानं भागतात, मग ४.३ येतं. आता हा नियम शास्त्रातला आहे म्हणून सांगतात पण किलोग्रॅम आपल्याकडं आला तो १९५६ च्या कायद्यानंतर, माझ्या वडिलांच्या काळात तर शेर आणि मण होते. मग किलोला दहानं भागायचा नियम जुना कसा असेल? जुन्या काळच्या ज्योतिषी वराहमिहिरानं त्याच्या बृहत्संहिता या ग्रंथात हिऱ्याचं वजन तांदळात मोजलंय, आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि तेही किंमत सांगायला. आणि माणसाचं वजन तर डेंग्यूसारख्या तापात उतरतं, गरोदरपणात दहा-बारा किलो वाढतं, मग खडा दर वेळी बदलायचा का? मी हे गुरुजींना विचारलं, ते रागावले नाहीत, विचार करतो म्हणाले. त्यांचा मला आदर आहे.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सारख्या वजनाचे खडे सारख्या आकाराचे नसतात. नीलम, माणिक, पुष्कराज जड, पाचू आणि मोती हलके, म्हणून पाच कॅरेटचा पाचू पाच कॅरेटच्या नीलमापेक्षा चांगलाच मोठा दिसतो. डोळ्यानं अंदाज करून चालत नाही. स्वस्त माणकात भेगांमध्ये शिशाची काच भरलेली असते, त्या काचेचं वजनसुद्धा आपण माणकाच्या भावानं घेतो. आणि मोठा खडा घेतला की कॅरेटचा भाव पण वर चढतो, तीन कॅरेटला जो भाव तो पाचला नसतो, त्यामुळं वजन उगाच वाढवून सांगितलं की गिऱ्हाईक दोन्हीकडनं मरतं. कॅरेट शब्दाचाही घोळ आहे, सोन्याचं २२ कॅरेट म्हणजे शुद्धता आणि खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, माझ्या बायकोला तर २२ कॅरेट आणि ५ कॅरेट ऐकून वाटलं खडा कमी प्रतीचा आहे.

सोन्याला १ एप्रिल २०२३ पासून अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयुआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला, ते फार चांगलं झालं. खड्याला मात्र सक्तीचं काही नाही. वैधमापनाचा, म्हणजे वजनमापांचा, २००९ चा कायदा सांगतो की व्यवहार प्रमाणित मापातच करायचा. कॅरेट त्यात बसतं, रत्ती बसत नाही. तरी गुजरीत, महाद्वार रोडला, राजारामपुरीत, सगळीकडं रत्तीतच बोलतात. बोला, बोलण्याला हरकत नाही, भावकीत आपण अजून तोळ्यातच बोलतो. पण बिलावर खड्याचं नाव, कॅरेट आणि ग्रॅम, दोन्ही आकडे आलेच पाहिजेत, सुटा खडा गिऱ्हाइकासमोर काट्यावर टाकलाच पाहिजे आणि मगच कोंदणात बसवला पाहिजे. सराफ संघानं ठरवलं तर एका मीटिंगचं काम आहे. वैधमापनचे इन्स्पेक्टर आमच्या यार्डात काटे तपासून शिक्के मारायला यायचे, त्यांनी जरा खड्यांची बिलं पण बघावीत.

आणि ज्योतिषी मंडळींना हात जोडून विनंती, चिठ्ठीवर आकड्यापुढं माप लिहा. रत्ती लिहिणार असाल तर किती मिलिग्रॅमची रत्ती ते लिहा. आणि ज्याला सव्वापाच झेपत नाही त्याला तीनचा चालेल का हे तुम्हीच आधी सांगा, कारण समोरचा माणूस काळजीनं आलेला असतो, तो घासाघीस करत नाही, सोसायटीचं कर्ज काढतो पण खडा घेतो. मी अशी दोन घरं ओळखतो.

परवा आमच्या सुनेला गोमेद सांगितलाय. चिठ्ठीवर परत नुसतं "सव्वासहा" लिहून आलंय. ती चिठ्ठी मी उद्या सकाळी गुरुजींकडं परत घेऊन जाणार आहे, पुढं माप लिहून आणल्याशिवाय आम्ही गुजरीत पाऊल टाकणार नाही.

आपला,
एक जुना वाचक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर