वॉर्डात पाठवण्याआधी मुलांची लस पुरी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपी, एमबीबीएस यांच्या प्रवेशाचे दिवस आले की लालबागला आमच्या चाळीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे फायली घेतलेल्या पालकांची रांग लागते. त्या फायलींत एक कागद मेडिकल फिटनेस सर्टिफिकेटचा असतो. त्या एका कागदाबद्दल हे पत्र आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी ३५ वर्षं परिचारिका होते, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

यंदा माझ्या भावाच्या धाकट्या मुलीला बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला. सावंतवाडीहून ती माझ्याकडे राहायला आली आहे. फिटनेससाठी तिला जवळच्याच एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नाव विचारलं, वजनाचा काटा कोपऱ्यात असताना ‘पन्नास असेल ना?’ म्हणत आकडा लिहिला आणि शिक्का दोनदा पॅडवर आपटून कागदावर मारला. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. मला राहवेना. म्हटलं, ‘डॉक्टर, हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते तरी विचारा की हिला.’ (रक्तातून पसरणारी, यकृताला धरणारी कावीळ ती.) डॉक्टर हसले. ‘ताई, कॉलेजला सही हवी असते, बाकी काही नको असतं.’ खोटं बोलले नाहीत ते. कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी तो कागद उलटूनही पाहिला नाही, यादीत टिक केली आणि पुढचा कागद मागितला.

घरी येऊन भावाला फोन केला, पोरीचं लसीचं कार्ड शोध म्हणून. वहिनीने ते जपून ठेवलं होतं, इतकं जपून की लॅमिनेट केलं होतं. (आता त्यावर नवं काही लिहायची सोय नाही, पण आईच्या मायेला काय बोलणार.) बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर, सगळं तारखेनिशी. हिपॅटायटिस बीचा पत्ता नाही. यात त्यांचा दोष नाही. ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर सुरू व्हायला २०११-१२ उजाडलं. पोरगी २००७ ची. म्हणजे आज अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या मुलामुलींच्या हातात आपण सिरिंज देणार आहोत, त्यांतल्या कितीतरी जणांना ही लस लहानपणी मिळालेलीच नसेल. गोवर-रुबेलाचं बरं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोहीम झाली तेव्हा ही मुलं पाचवी-सहावीत होती, त्यांतल्या बऱ्याच जणांचं ते इंजेक्शन झालेलं असतं. कांजिण्यांची लस मात्र सरकारी यादीत नाही. नर्सिंग हॉस्टेलात एकीला कांजिण्या आल्या की अख्खा मजला कसा आडवा होतो, ते मी दोनदा पाहिलं आहे.

हिपॅटायटिस बीबद्दल मी इतकी हट्टी का, तेही सांगते. १९८४ साली आमच्या वॉर्डात काचेच्या सिरिंजा होत्या. वापरलेल्या सुया गोळा करायच्या, बारीक तार घालून साफ करायच्या, धुवायच्या, उकळायच्या. तार घालताना सुई बोटात जाणं हे रोजचंच. बोट नळाखाली धरायचं, दाबून रक्त काढायचं, स्पिरिट लावायचं, पुढच्या कामाला लागायचं. माझ्या खोलीत राहणारी बॅचमेट एका संध्याकाळी क्वार्टरच्या गच्चीवर चहा पीत बसली होती. उन्हं उतरली होती आणि त्या उजेडात तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसला. मी काही बोलले नाही, ती मात्र माझं तोंड बघून समजली. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बीच्या लागणीला तेव्हा असंच म्हणायचे. गावाहून तिची आई काविळीची माळ घेऊन आली. ती माळ वाढत वाढत छातीवर उतरली, तशी ही बरी होत गेली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. आम्ही कशाला वाद घालतोय? दोन महिने ती अंथरुणात होती. मोठ्यांपैकी बहुतेकांच्या अंगातून हा विषाणू आपोआप जातो, तिच्याही गेला. ज्यांच्या अंगात राहतो, त्यांच्यातल्या काहींच्या यकृताची वर्षानुवर्षं माती होत जाते.

तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाती ही लस नव्हती. परदेशी लस महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली, तेव्हा ती आवाक्यात आली. त्यालाही आता पाव शतक उलटून गेलं.

वॉर्डात नव्या मुली आल्या की मी त्यांना तीन आकडे पाठ करायला लावायची. सुई टोचली आणि त्या रुग्णाच्या रक्तात एचआयव्ही असेल, तर लागण होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सी असेल तर शंभरात दोन-तीन. आणि हिपॅटायटिस बी जोरात असेल आणि तुम्ही लस घेतली नसेल, तर शंभरात तीसपर्यंत. मुली घाबरायच्या एचआयव्हीला. भीती वाटायला हवी होती ती तिसऱ्या आकड्याची, आणि नेमकी त्यावरच उत्तम लस आहे. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. त्यामुळे कचरा उचलणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉय यांनाही ही लस हवी. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता वेळेचं गणित बघा. लसीचे तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी. प्रवेश होतात सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि नर्सिंगच्या पोरींना पहिल्याच वर्षी वॉर्ड दाखवतात. लॅब टेक्निशियनची मुलं तर बघता बघता रक्त काढायला बसतात. कॉलेजने लसीची आठवण परीक्षा झाल्यावर काढली, तर शिकाऊ हात थरथरण्याचे सगळे महिने लसीविना गेलेले असतात. म्हणून पहिला डोस प्रवेशाच्याच दिवशी, फी भरायच्या खिडकीशेजारी टेबल टाकून द्या. अडचण काय आहे?

तिसऱ्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांत रक्त तपासून टायटर, म्हणजे लसीने अंगात किती प्रतिपिंडं तयार झाली ते, बघायचं असतं. दहाच्या वर असेल तर निश्चिंत. साधारण शंभरात पाच ते दहा जणांना तीन डोस घेऊनही पुरेसं संरक्षण येत नाही, त्यांना पुन्हा तीन द्यावे लागतात. ही तपासणी आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी होते. गंमत अशी की परदेशात नोकरी लागली की याच मुली धावत जाऊन टायटर करून घेतात, कारण तिकडचं रुग्णालय त्याशिवाय उभं करत नाही. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं, तर व्हिसासाठी क्षयाची तपासणीही करावी लागते. तिकडच्या रुग्णांसाठी आपण आपली पोरं तपासून पाठवतो आणि इकडच्या वॉर्डात बिनतपासणीची उभी करतो.

क्षयाबद्दल मुंबईकरांना काय सांगायचं. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आपलंच, आणि औषधांना दाद न देणारा क्षयही आपल्या शहराच्या चांगल्या ओळखीचा. काही कॉलेजं क्षयाच्या लागणीची मॉन्टू चाचणी करतात, पण कशी? हाताला टोचून भोवती बॉलपेनने गोल काढतात. ते ४८ ते ७२ तासांत बघायचं असतं, आणि बघायचा असतो तो फुगवटा, लाली नव्हे. शुक्रवारी टोचलं तर सोमवारी सकाळपर्यंत सवड असते, पण सोमवारी सुट्टी आली की गोल पुसला जातो आणि रजिस्टरात ‘निगेटिव्ह’ पडतं. बरं, पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षय झाला असंही नाही. आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून आहेत, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. अशा मुलीला खोकला, ताप, वजन घटणं विचारायचं, एक्स-रे काढायचा आणि आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही ते छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि पुढे दर वर्षी पुन्हा विचारायचं, कारण वॉर्डात गेल्यावर लागण होते. पहिल्या दिवशी केलेली तपासणी तीन वर्षं पुरत नाही.

तपासण्या करा म्हणते, पण त्यांची मला भीतीही वाटते. फार वर्षांपूर्वी एका कॉलेजात मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट आले ते थेट नोटीस बोर्डावर लागले, नावांसकट. एका नावाभोवती लाल पेनाने गोल होता. ती मुलगी दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. तिला फक्त हिपॅटायटिस बी होता. औषधाने विषाणू खाली ठेवता येतो आणि परिचारिकेची बहुतेक कामं करताना तिच्यापासून कोणाला धोका नसतो, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. २०१८ पासून केंद्राचा हिपॅटायटिस कार्यक्रम आहे, त्यात औषधं फुकट मिळतात. एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. शिक्षणासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि संमतीशिवाय चाचणीही करता येत नाही. तरी ‘एचआयव्ही रिपोर्ट आणा’ अशी ओळ प्रवेशाच्या यादीत दिसली, तर पालकांनी ती निमूट मान्य करू नये. त्याच कायद्याने रुग्णालयांवर टाकलेली जबाबदारी कोणी वाचलेली दिसत नाही. रक्ताशी संबंध येणाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि सुई टोचल्यावरची औषधं देणं हे रुग्णालयाचं काम आहे.

ती औषधं होता होईल तो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. पण पहिल्या वर्षाची पोरगी ट्यूटरच्या ओरड्याला घाबरून सुई टोचल्याचं सांगतच नाही. माझ्या वॉर्डात एकीने चार दिवसांनी रडत सांगितलं. दोष तिचा नव्हता. तिला कोणाकडे जायचं ते कोणीच सांगितलं नव्हतं.

काही कॉलेजं हे सगळं नीट करतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बाकीच्यांना जमणार नाही, हे मला पटत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एवढंच ठरवावं की पहिला डोस आणि क्षयाची विचारपूस झाल्याशिवाय कोणालाही वॉर्ड पोस्टिंग नाही. खर्च कॉलेजचा आणि रिपोर्ट फक्त त्या विद्यार्थ्याच्या आणि कॉलेजच्या डॉक्टरांच्या हातात. १८९६ च्या प्लेगात याच शहरात हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोरींना लसीसाठी आत्याचा वशिला का लागावा?

माझ्या भाचीच्या फीच्या पावतीत युनिफॉर्म, ओळखपत्र, जिमखाना यांचे पैसे आहेत, लसीचे नाहीत. पहिला डोस मी तिला ऑक्टोबरात देऊन आणला, दुसराही झाला. तिसरा एप्रिलमध्ये आहे, आणि टायटर मेअखेर. कालनिर्णयावर या तारखांभोवती मी गोल केले आहेत. वॉर्ड पोस्टिंग जानेवारीपासून आहे. तोवर तिच्याकडून रोज एकच घोकून घेते आहे की वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती तशीच पांढऱ्या डब्यात टाकायची.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
लालबाग, मुंबई