इतर किरकोळ

लातूर,
१४ जून २०२५

प्रिय बंडू,

फोनवर दर वेळी तू विचारतोस, "सध्या काय चाललंय?" आणि मी म्हणतो, "काही नाही, निवांत." ते खोटं आहे. मी गोष्टी लिहितोय. आधी पोटभर हसून घे, मग पुढं वाच.

३१ मे २०२३ ला निवृत्त झालो, तलाठ्याचं दप्तर नव्या पोराच्या ताब्यात दिलं. (१ जून ही गुरुजींनी दिलेली जन्मतारीख. आपली अर्धी पिढी त्या एकाच दिवशी जन्मली!) पहिले सहा महिने बँक, दवाखाना, लग्नं यांत गेले. मग एका दुपारी नातवाची अर्धी कोरी वही सापडली आणि बसलो. एका शेतकऱ्याच्या बांधाच्या भांडणावर बारा पानं झाली. हिला वाचून दाखवली. पहिलंच वाक्य असं होतं: "रामभाऊ सकाळी सहा वाजता शेतावर समक्ष हजर झाले असता, शेताच्या पूर्वेस ओढा व पश्चिमेस गायरान असल्याचे दिसून आले." ही म्हणाली, "खाली पंचांच्या सह्या राहिल्यात."

तरी तीच कथा जरा पुसून-पासून एका दिवाळी अंकाला धाडली. परत आली. 'साभार' हा शब्द किती गुळगुळीत आहे बघ, आपण अर्ज निकाली काढताना असला शब्द कधी वापरला नाही.

२०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन भरलं होतं तेव्हा रजा टाकून गेलो होतो, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. अध्यक्ष भारत सासणे, म्हणजे प्रशासनातलाच माणूस. मागच्या खुर्चीत बसून मनाशी म्हटलं, यांना जमलं तर आपल्याला का नाही? पण त्यांनी नोकरी करता करता लिहिलं. मी नोकरीभर फक्त नोंदी लिहिल्या, आणि तेहतीस-चौतीस वर्षांत हाताला जे वळण पडतं ते वही बदलली म्हणून जात नाही. माणूस आला की मी आधी त्याचं वय, राहणार, धंदा लिहितो. रडला तर 'रडला' एवढंच लिहितो आणि पुढच्या रकान्यावर जातो.

आता खरं ते सांगतो. गेल्या महिन्यापासून किल्लारीच्या भूकंपावर लिहितोय. म्हणजे किल्लारीच्या शेजारच्या त्या गावावर, जिथं आपल्याला बाहेरच्या तालुक्यातून पंचनाम्याला नेलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन्न. हे लिहायला काहीच लागत नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण माळवद कसं पडतं हे शहरातल्या वाचकाला कसं सांगायचं? दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती, मध्ये नुसती माती. वर लाकडं, त्यावर पांढरी माती, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवा थर. आजोबांनी टाकलेला, बापानं टाकलेला, पोरानं टाकलेला. तीन पिढ्यांनी आपल्या हातानं डोक्यावर चढवलेलं ते ओझं एका हिसक्यात खाली आलं. कुडाच्या, पत्र्याच्या खोपटात झोपलेली गरीब माणसं वाचली आणि वाड्यातली गेली. एवढं मी चार दिवस लिहीत होतो. त्यातलं दीड पान ठेवलंय. बरं आहे असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर विश्वास ठेवू नकोस.

अडलंय ते पुढं. तुला ती म्हातारी आठवते का? ढिगाऱ्यावर पोतं अंथरून बसलेली, वरून पावसाची भुरभुर. मी विचारत होतो: खण किती, जनावरं किती, ज्वारी किती पोती, पितळी घागरी किती. ती सगळ्याला "व्हय" म्हणत होती. दोन घागरी म्हटलं तरी व्हय, चार म्हटलं तरी व्हय. आणि एकदम म्हणाली, "आप्पा, महालक्ष्म्यांचे मुखवटे लिवा की. एकच घावलाय." पदराखालून काढून दाखवला. नाकाजवळ चेपलेला, डोळ्यांत माती गेलेली, आणि कपाळावरचं कुंकू मात्र जसंच्या तसं. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. मुखवट्याला रकाना नव्हता. मागं लोक ताटकळले होते, अंधार पडत होता. मी लिहिलं, 'इतर किरकोळ'. तिनं विचारलं, "लिवलं का?" मी म्हटलं, "लिहिलं." तिनं अंगठा दिला.

त्यानंतर किती पंचनामे केले असतील! गारपीट, दुष्काळ, पूर. त्या दोन शब्दांत मी काय काय कोंबलं असेल त्याची मोजदाद नाही. निम्म्याहून जास्त गोष्टी तिथंच पडून आहेत, असं आता लिहायला बसल्यावर कळतंय. सातबारा संगणकावर गेला, पीकपाहणी मोबाईलवर आली, आपल्या पदाचं नावसुद्धा 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. तो रकाना मात्र कोणी काढला नसेल, पैज लावतो.

सोबत अकरा पानं पाठवतोय. लाल पेन घेऊन बस. जिथं जिथं 'असता', 'सदर' आणि 'दिसून आले' सापडेल तिथं निर्दयपणे काट. नायब तहसीलदार तुझ्या टिपणीला का घाबरायचे ते मला माहीत आहे. वहिनींना नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नका म्हणावं.

आणि एक काम कर. त्या दिवशी कंदील तुझ्या हातात होता, तू तिच्याजवळ उभा होतास. सापडला तो मुखवटा थोरलीचा की धाकटीचा? तिनं सांगितलं होतं, एवढं नक्की आठवतं. मी तेव्हा फॉर्मकडं बघत होतो.

तुझा,
बापू